लॅपटॉपची पारख

मडके घ्यावयाचे असेल तर ते बोटाने वाजवून पाहावे, तांदूळ घ्यावयाचे असतील तर मूठभर दाणे तळहातावर घेऊन चोळून पाहावेत, लुगडे घ्यावयाचे असेल तर त्याचा पदर उजेडात धरून पाहावा, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. वस्तू विकत घेणे म्हणजे केवळ पैसे मोजून देणे नव्हे. त्यात डोळे, कान, हात आणि त्यांहूनही अधिक बुद्धी कामास लावावी लागते. यालाच पारख म्हणतात. ही पारख घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून मुलांकडे पिढ्यान्‌पिढ्या येत असते. परंतु काही वस्तू अशा आहेत, की त्यांची पारख आजीलाही शिकविता येत नाही. कारण आजीच्या लहानपणी त्या वस्तूच नव्हत्या. लॅपटॉप ही त्यांपैकीच एक होय. तो वाजवून पाहता येत नाही, चोळून पाहता येत नाही, आणि दुकानात ओळीने मांडलेले लॅपटॉप वरून तर बहुतेक सारखेच दिसतात. मग त्यांतील आपल्या घरास योग्य कोणता, हे कसे ओळखावे?

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ही शहरे लोहमार्गाच्या एकाच धाग्यात ओवलेली आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली भारतातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यासच आली होती, आणि पुढच्याच वर्षी हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. आज याच मार्गाने लक्षावधी माणसे रोज सकाळी कामास जातात व रात्री घरी परततात. ही वस्ती मुख्यतः कष्टकरी आणि नोकरदार माणसांची. घरे लहान, ज्या टेबलावर सकाळी भाजी चिरली जाते, त्याच टेबलावर संध्याकाळी गृहपाठ होतो. अशा घरात लॅपटॉप आणावयाचा म्हणजे एक-दोन महिन्यांची सारी कमाई, किंवा वर्षभर थोडी थोडी बाजूस टाकलेली पुंजी खर्च करावयाची. निवड चुकली तर ती दुरुस्त करण्यास पुन्हा तेवढे पैसे लवकर जमत नाहीत. म्हणून हा प्रश्न लहान नाही.

डोंबिवलीतील अशाच एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. वडील ठाण्यास एका कचेरीत नोकरीला आहेत. आई घरीच पोळीभाजीचे काम करते आणि रोजच्या गिऱ्हाइकांचा हिशेब वहीत लिहून ठेवते. मुलगा महाविद्यालयात वाणिज्य शाखेत शिकतो, मुलगी आठवीत आहे, आणि घरात आजोबाही आहेत. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पुढे धडे फोनवरून येऊ लागले, तेव्हा या घरात चांगला फोन एकच होता. दिवसा तो वडिलांच्या कचेरीच्या कामात गुंतलेला असे. उरलेला वेळ मुलाच्या वाट्यास येई. मुलगी तेव्हा लहान होती. ‘तुझे काय, पुढे भरून निघेल,’ असे सर्वजण तिला म्हणत. ते वर्ष गेले. परंतु आपल्या घरात लॅपटॉप असावा, ही इच्छा मात्र राहिली. पुढे आईची भिशी लागली आणि तिच्या हाती ३०,००० रुपये आले. त्या रात्री जेवणानंतर लॅपटॉपचा विषय निघाला.

मुलाने एका दुकानात ७२,००० रुपयांचा एक झगझगीत लॅपटॉप पाहून ठेवला होता. त्याच्या कळांखाली रंगीत दिवे लागत, आणि त्यावर मोठमोठे खेळ खेळता येत. तो म्हणाला, “बाबा, महिन्याला सहाच हजार. बारा हप्त्यांत फिटतील.” उलट शेजारच्या घरी २४,००० रुपयांचा लॅपटॉप आला होता, म्हणून आईला वाटत होते, की तसाच घ्यावा आणि उरलेले पैसे शिलकीत टाकावेत. तेव्हा आजोबा म्हणाले, “आधी वस्तू ठरवू नका, आधी काम ठरवा. लॅपटॉपवर कोण काय करणार आहे, ते प्रत्येकाने कागदावर लिहा.”

आजोबांचा हा सल्ला फार मोलाचा होता. निवडीची पहिली पायरी दुकानात नसून घरातच असते. सायकल घेताना ती शाळेत जाण्यासाठी हवी की दुधाचे कॅन वाहण्यासाठी हवी, हे आधी ठरवावे लागते. तसेच येथेही आहे. कागद गोळा झाले. वडिलांनी लिहिले : पत्रव्यवहार, वीजबिल, रेल्वेचे आरक्षण. आईने लिहिले : गिऱ्हाइकांचा हिशेब. आजोबांनी लिहिले : जुन्या कल्याणच्या आठवणी मराठीतून लिहून काढणे, अक्षरे मोठी दिसावीत. मुलाने लिहिले : जमाखर्चाचे तक्ते, प्रकल्पाचे लेखन, आणि शेवटी खेळ. मुलीच्या कागदावर एकच ओळ होती : ‘गृहपाठ व विज्ञानाचे पाठ पाहणे, कोणी मागत नसेल तेव्हा.’ ती ओळ वाचून वडील क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी तो कागद सर्वांत वर ठेवला.

आता ही कामे करण्यास यंत्र कसे हवे, हे समजण्यासाठी त्याच्या अंतरंगात डोकावून पाहावयास हवे. लॅपटॉपच्या आत पुष्कळ भाग असतात. परंतु त्यांपैकी तीन मुख्य आहेत. त्यांची ओळख स्वयंपाकघराच्या उदाहरणाने सहज पटेल. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारे हात. ते जितके चपळ, तितके काम लवकर उरकते. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. जे पदार्थ चालू कामासाठी लागतात, ते ओट्यावर मांडलेले असतात. आणि साठवण म्हणजे भिंतीतले फडताळ. वर्षभराचे धान्य व डबे तेथे राहतात. आता हात कितीही चपळ असले, तरी ओटा वीतभर असेल तर काय होईल? कणकेची परात ठेवावयाची तर भाजीची पाटी उचलून फडताळात ठेवावी लागेल. भाजी हवी तर परात उचलावी लागेल. सारा वेळ ने-आण करण्यातच जाईल. लॅपटॉप फार संथ चालतो, तेव्हा त्याच्या पोटात बहुधा हीच धावपळ चाललेली असते. आणखी एक गोष्ट. रात्री ओटा पुसून स्वच्छ करतात, पण फडताळातले जिन्नस तसेच राहतात. त्याचप्रमाणे वीज बंद होताच रॅममधील सर्व काही पुसले जाते. साठवणीतील मात्र शाबूत राहते. म्हणूनच लिहिलेला मजकूर वेळोवेळी साठवून ठेवावा असे सांगतात.

रॅम आणि साठवण ही दोन्ही गिगाबाइट या मापाने मोजतात. केवळ व्यवस्थेचा पाया म्हणून विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट रॅम आणि ६४ गिगाबाइट साठवण लागते. ‘किमान’ या शब्दाकडे नीट लक्ष द्यावे. किमान म्हणजे ज्याच्याखाली गाडी सुरूच होत नाही ते. सुखाने चालते ते नव्हे. ४ गिगाबाइटचा ओटा बव्हंशी व्यवस्थेनेच भरून जातो. म्हणून घरगुती कामासाठी ८ गिगाबाइट रॅम ही योग्य सुरुवात होय. १६ असेल तर अधिक वर्षे चिंता नाही. साठवणीचेही तसेच. ६४ गिगाबाइटचे फडताळ अल्पावधीत भरते. २५६ पुरते, आणि ५१२ असेल तर घरातील छायाचित्रेही मावतात.

येथे गणिताची एक गंमत आहे. डब्यावर २५६ गिगाबाइट लिहिलेले असते. पण यंत्र सुरू केल्यावर विंडोज सुमारे २३८ इतकाच आकडा दाखविते. म्हणजे दुकानदाराने फसविले काय? नाही. कारखानदार एक गिगाबाइट म्हणजे १००,००,००,००० बाइट असे मोजतो, तर विंडोज १०२४ ला १०२४ ने दोनदा गुणून येणारी संख्या, म्हणजे १०७,३७,४१,८२४ बाइट धरते. माप मोठे, म्हणून आकडा लहान. शेराने मोजलेले धान्य किलोने मोजले तर आकडा बदलतो, धान्य बदलत नाही. तसेच हे आहे.

साठवणीचे प्रकारही निरनिराळे आहेत. जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला हजारो वेळा गरगर फिरते आणि तिच्यावरील मजकूर एक बारीक सुई टिपते असे म्हटले तरी चालेल. एसएसडी या नव्या प्रकारात फिरणारा भाग मुळीच नसतो. त्यामुळे ती कितीतरी पटीने वेगवान असते आणि धक्क्यानेही सहसा बिघडत नाही. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र ईएमएमसी नावाची साठवण असते. तिच्यातही फिरणारे काही नसते. पण ती एसएसडीहून संथ असते आणि मुख्य पट्टीवर डाख देऊन कायमची बसविलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही. शेजारच्या घरातील २४,००० रुपयांचा लॅपटॉप याच जातीचा, आणि त्याची रॅम ४ गिगाबाइटची होती. ‘पुढे रॅम वाढविता येईल काय? साठवण बदलता येईल काय?’ हे दोन प्रश्न दुकानात विचारलेच पाहिजेत, ते याचसाठी.

या मापांचे नवल समजावयाचे तर थोडे मागे जाऊन पाहावे. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास संगणक बांधण्याचे काम हाती घेतले. १९६० मध्ये पूर्ण यंत्र काम करू लागले आणि १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि ते ठेवण्यास मोठे दालन लागे. त्याच्या मुख्य स्मृतीत ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने ते १०,२४० बाइट होतात. म्हणजे ८ गिगाबाइटच्या साध्या घरगुती लॅपटॉपची स्मृती टिफ्रॅकच्या आठ लक्ष पटींहून अधिक भरते! हलविता येण्याजोगा ऑस्बोर्न १ हा संगणक १९८१ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ११ किलो होते. आज दीड-पावणेदोन किलोचा लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत घालून डोंबिवलीच्या गर्दीतून लोकलमध्ये चढता येते.

मग यंत्रे इतकी सुधारली असताना सर्वांत स्वस्त तेच का घेऊ नये? याचे उत्तर दोन प्रयोगांनी दिले आहे. निकोलस नेग्रोपाँटी या अमेरिकेतील प्राध्यापकांनी २००५ मध्ये एक मोठे स्वप्न जगापुढे मांडले. प्रत्येक गरीब मुलास १०० डॉलरचा, म्हणजे त्या वेळच्या सुमारे चार हजार रुपयांचा, लॅपटॉप मिळावा, असे ते स्वप्न होते. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते लहानसे यंत्र फार कल्पकतेने बनविले होते. भर उन्हातही त्याचा पडदा वाचता येई. ऑक्टोबर २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील एका धनगरवाड्यावरील लहानशा शाळेत, २२ मुलांना ती यंत्रे मिळाली. परंतु किंमत १०० डॉलरवर कधीच आली नाही. ती २०० च्या आसपासच राहिली. पुढे पेरू देशातील ३१९ शाळांची पाहणी झाली. यंत्रे मिळाल्याने मुलांचे गणित आणि भाषा या विषयांतील गुण वाढल्याचे त्या पाहणीत दिसले नाही, असे २०१२ मध्ये जाहीर झाले. यंत्र आणले म्हणजे अभ्यास आला, असे होत नाही. शिकविणारा, शिकणारा आणि अभ्यासाची वेळ ही तिन्ही हवीतच.

दुसरा प्रयोग आपल्या देशातला. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाचे अत्यंत स्वस्त पाटीसारखे यंत्र आणले. हेतू उत्तम होता. पण त्याचा ओटा केवळ २५६ मेगाबाइटचा, म्हणजे एका गिगाबाइटच्या पाव हिश्शाचा होता. ते फार संथ चाले आणि त्याच्या पडद्यावर बोट दाबून धरावे लागे. पुढे पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने हे काम अंगावर घेतले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये दुप्पट स्मृतीचे, अधिक वेगवान यंत्र तयार झाले. यावरून हेच दिसते, की काही मर्यादेपलीकडे किंमत उतरविली तर वस्तू स्वस्त होत नाही. ती केवळ निरुपयोगी होते.

डोंबिवलीच्या त्या घरात हा विचार झाल्यावर आजोबांनी पाटीवर गणित मांडले. २४,००० रुपयांचा लॅपटॉप समजा तीन वर्षे कामाचा राहिला, तर वर्षाला ८,००० रुपये पडतात. ८ गिगाबाइट रॅम आणि ५१२ गिगाबाइट एसएसडी असलेला, पुढे रॅम वाढविता येईल असा ३६,००० रुपयांचा लॅपटॉप समजा सहा वर्षे टिकला, तर वर्षाला ६,००० पडतात. आणि ७२,००० रुपयांचा सहा वर्षे टिकला, तर वर्षाला १२,०००. म्हणजे किमतीने जो सर्वांत स्वस्त, तो वापराने मधल्यापेक्षा महाग ठरला! मुलगा हिरमुसला. दिव्यांचा लॅपटॉप त्याच्या मनात भरला होता, आणि पाटीवरचे आकडे पाहून तो लगेच मनातून जाणार नव्हता. पण आपल्याच कागदावर ‘खेळ’ हा शब्द आपण सर्वांत शेवटी लिहिला आहे, हे त्याने पाहिले. महिन्याला सहा हजार म्हणजे घरातील किराणा, हेही त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, “बाबा, मधलाच पाहू या.”

लॅपटॉप नवाच घ्यावा असेही नाही. कचेऱ्यांतून निघालेले जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकले जातात, आणि त्यांपैकी काही खरोखर चांगले असतात. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळ लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, हा अशा वस्तूंचा नामांकित बाजार आहे. परंतु जुने यंत्र घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली बॅटरी; ती काही शे वेळा भरली व उतरली की तिची शक्ती घटते. दुसरी गोष्ट अशी, की विंडोज १० ची नित्याची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ नियमाप्रमाणे बसत नाही. अशा यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य व्यवस्था चालविता येते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स तयार केली आहे. पत्रे लिहिण्यास आणि हिशेब मांडण्यास लिबरऑफिस हा संचही विनामूल्य मिळतो. आणि लॅपटॉप बाहेर न्यावयाचाच नसेल, तर टेबलावरचा संगणक दुरुस्तीस सोपा असतो. मात्र लहान घरात त्याला कायमची जागा लागते आणि वीज गेली की तो तत्काळ बंद पडतो.

यानंतर पडद्याचा विचार. पडद्याचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत घेतात. १५.६ इंचांचा पडदा मोठा, पण वाहून नेण्यास जड; १४ इंचांचा मध्यम. मापाहून महत्त्वाचे आहेत ते पडद्यावरील ठिपके. १३६६ गुणिले ७६८ म्हणजे १०,४९,०८८ ठिपके. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. दुसऱ्या पडद्यावर जवळजवळ दुप्पट ठिपके असल्यामुळे अक्षरे रेखीव दिसतात आणि आजोबांसारख्यांच्या डोळ्यांना त्रास कमी होतो. मराठी लिहिण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरविलेला इन्स्क्रिप्ट कळफलक आज बहुतेक संगणकांत आधीपासूनच असतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. आपल्या लिपीची बाराखडी ज्यास येते, त्याला तो थोड्या सरावाने साधतो.

आता दुकानात जाण्याची वेळ झाली. जाहिरात ऐकावी, पण हात मात्र यंत्रावर ठेवावा. प्रत्येक कळ दाबून पाहावी. झाकण चार वेळा उघडून मिटावे. बिजागरी कुरकुरता कामा नये. पांढरे पान उघडून पडद्यावर काळा ठिपका कोठे दिसतो काय, ते पाहावे. एकाच वेळी पाच-सहा पाने उघडून यंत्र अडखळते काय, ते पाहावे. आवाज, कॅमेरा आणि तारा जोडण्याची छिद्रे तपासावीत. रॅम आणि साठवण यांचे आकडे दुकानदाराच्या तोंडून नव्हे, तर यंत्राच्या माहितीच्या पानावरून वाचावेत. आणि मोहोरबंद खोके आपल्या समोर उघडावयास सांगून यंत्राखालचा क्रमांक, खोक्यावरचा क्रमांक व बिलावरचा क्रमांक एकच आहेत, याची खात्री करून घ्यावी.

बिल घेण्यात कधीही संकोच करू नये. “बिलाशिवाय घ्या, स्वस्तात देतो,” असे कोणी म्हणाले तर तो सौदा आपल्या हिताचा नव्हे, हे ओळखावे. कारण बिल नसेल तर हमी नाही आणि तक्रारीस आधारही नाही. लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो. छापील किंमत करासह असते, म्हणून ३०,००० रुपये दिले तर त्यांपैकी मूळ किंमत सुमारे २५,४२४ रुपये आणि कर सुमारे ४,५७६ रुपये असतो. यंत्रावर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आहे काय, हेही पाहावे. २०१२ सालच्या सरकारी आदेशाने लॅपटॉपसाठी ही नोंदणी सक्तीची झाली. हमी किती वर्षांची आणि कशाची, हे वाचून घ्यावे. चहा सांडला किंवा यंत्र हातून पडले, तर साधी हमी सहसा उपयोगी पडत नाही. हप्त्याने घ्यावयाचे असेल तर सारे हप्ते व वरचे शुल्क यांची बेरीज करावी आणि रोखीच्या किमतीशी ताडून पाहावी. तरीही फसवणूक झालीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दाद मागता येते. ठाण्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य मिळते.

त्या कुटुंबाने तीन रविवार तीन दुकाने पाहिली, कागदावर टिपणे केली आणि शेवटी ३६,००० रुपयांचा मधला लॅपटॉप घेतला. भिशीचे ३०,००० आणि वडिलांनी बाजूस ठेवलेले ६,००० अशी रक्कम जमली. कोणाचे देणे राहिले नाही. घरी आल्यावर त्याच्या वापराचे नियम ठरले. मांडीवर उशी घेऊन तिच्यावर तो ठेवावयाचा नाही, कारण त्याने खालची हवेची छिद्रे बुजतात. पावसाळ्यात उघड्या खिडकीशी ठेवावयाचा नाही, आणि विजा चमकू लागल्या की तार काढून ठेवावयाची. वीजही फार लागत नाही. साध्या कामाला सुमारे २० वॉट धरले, तर रोज चार तासांप्रमाणे महिन्याला २.४ युनिटे होतात. आणि पुढे कधी तो निकामी झालाच, तर कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यावयाचा. कारण त्याच्या बॅटरीतील व पट्ट्यांतील द्रव्ये माती व पाणी दूषित करतात.

मग वडिलांनी कागद घेतला आणि वेळापत्रक लिहिले. दुपारी दोन ते तीन आईचा हिशेब. संध्याकाळी सात ते साडेआठ मुलीचा अभ्यास. त्यानंतर मुलाचे काम. रविवारी सकाळी आजोबांचे लेखन. मुलीने ते वाचून विचारले, “बाबा, माझ्या वेळेत कोणाला काही तातडीचे निघाले तर?” वडील म्हणाले, “तर तो तुझी परवानगी मागेल.”

लॅपटॉप किती वेगवान, हे त्याच्या डब्यावर छापलेले असते. तो कोणाच्या उपयोगी पडणार, हे डब्यावर छापलेले नसते. ते घरातील माणसांनीच ठरवावयाचे असते. गरज ओळखून, गणित करून आणि प्रत्येकाचा वाटा राखून जी वस्तू घरात येते, तीच खऱ्या अर्थाने परवडणारी होय.

अभ्यास

१. निवडीची पहिली पायरी दुकानात नसून घरातच असते, असे का म्हटले आहे?
२. प्रोसेसर, रॅम आणि साठवण यांना स्वयंपाकघरातील कशाकशाची उपमा दिली आहे? ती उपमा तुमच्या शब्दांत समजावून सांगा.
३. किमतीने सर्वांत स्वस्त लॅपटॉप वापराने महाग कसा ठरला, ते गणित करून दाखवा.
४. ‘आकाश’ यंत्राच्या पहिल्या प्रयोगापासून कोणता धडा मिळाला?
५. मुलीच्या कागदावरील ओळ वाचून वडील गप्प का राहिले असतील?
६. ५१२ गिगाबाइटची साठवण विंडोजमध्ये सुमारे किती दिसेल, ते काढा.
७. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : पारख, पुंजी, शाबूत, निरुपयोगी, संकोच.
८. तुमच्या घरी नुकत्याच आणलेल्या एखाद्या वस्तूची निवड कशी झाली, हे घरातील मोठ्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.